अमान्य

वही सापडली आत्याच्या पापडांच्या डब्यात,
उडदाच्या पिठाचा वास लागलेली, लाल दोऱ्यानं शिवलेली.
वर टाकानं लिहिलेलं:
तापी हौशी हॉकी मंडळ, भुसावळ.
वर्गणी महिना चार आणे.
थकबाकीदारांत पहिलं नाव आमच्याच आजोबांचं,
निंबा ओंकार फिरके, फिटर, लोको शेड.

मैदान म्हणजे शेडमागचा पडीक तुकडा.
काळी माती, चैत्रात हातभर भेगा.
चेंडू भेगेत गेला की दोन्ही संघ
गुडघ्यांवर बसून एकाच भोकात हात घालायचे.
मग इंजिनांची राख आणून पसरली,
पाटी पाटी, रात्रपाळी सुटल्यावर.
पणजी म्हणायची,
"दिवसभर राख खातो ते कमी पडे का रे,
खेळायले पन राखच?"

विकतच्या काठ्या दोन, त्या सिरिल डॅनियल्सच्या,
ड्रायव्हरचा पोरगा तो, मोजे घालून खेळायचा.
बाकी सगळ्या बाभळीच्या.
ओली फांदी इंजिनाच्या वाफेवर धरायची,
नरमली की वाकवायची,
बांधून पंधरा दिवस सावलीत.
मुठीला केळीच्या सोपटाचा दोर.
हे काम हुसेन तडवीचं,
आणि त्याचं वाक्य आमच्या घरात अजून पगारावर आहे:
"सरळ लाकडाचं चेंडू ऐकत नाय, बाप्पा."
कुणी साहेबाशी भांडून आलं,
कुणाची सोयरीक फिसकटली,
की वडील तेच म्हणायचे, पुढं काही नाही.

आजोबा डावरे.
शाळेत पट्टी खाऊन उजव्यानं लिहायला शिकले,
पंगतीत डावा हात मांडीखाली दाबून बसायचे.
हॉकीत तर डावऱ्याची काठीच नसते.
एक बाजू सपाट, एक फुगीर,
आणि सपाट बाजू जन्मानं उजव्यांची.

खंडव्याशी झालेला सामना
आमच्या घरात एक-एक असा सुटला आहे.
शेवटचं मिनिट. चेंडू डावीकडं.
आजोबांनी तो कसा मारला हे वडील झाडू घेऊन दाखवायचे.
आधी दहा पावलांवरून,
माझ्या मुंजीत वीस,
चुलतभावाच्या लग्नात जवळजवळ स्टेशनातून.
वडील तेव्हा जन्मलेही नव्हते.

वहीत एवढंच आहे:
"नि. ओं. फिरके यांचा गोल अमान्य.
चेंडू काठीच्या पाठीनं मारला.
खंडवा एक, भुसावळ शून्य.
लिंबं बारा, एक आणा."

अक्षर ओळखीचं वाटेना.
घरातल्या पत्रांत आजोबांचं अक्षर ताठ,
परेडला उभं केल्यासारखं.
हे तर मागं रेलून बसलेलं,
आणि ओळीभर शाई फरफटलेली,
लिहिणारी मूठ ओल्या अक्षरांवरून सरकत गेल्यासारखी.
माझ्या लेकीच्या वह्या अशाच असतात.
तिच्या करंगळीखालचा भाग कायम निळा.

पानं उलटली. सगळी तशीच.
चिटणीसाच्या सहीसकट.
त्या वहीपाशी पट्टी घेऊन कुणी उभं नव्हतं.

आत्याला विचारलं, तुला ठाऊक होतं?
ती पापडांची चळत मोजत होती, त्र्याहत्तरवर थांबली.
"मीच तं ठेवली इथी," म्हणाली.
"तुह्या बापाले वाचता येत होतं ना."
आणि मग, मोजणी चुकल्याच्या रागानं,
"चेंडू आत गेल्ता. अमान्य झाला, पन गेल्ता."

काठी परसात आहे,
केळीच्या घडाला टेकू.
दोर कधीच सुटला, मूठ वाळवीनं निम्मी खाल्ली.
घडाखाली आली आहे ती फुगीर बाजूच,
कुणी मुद्दाम लावली नसेल.

लेक विचारते, मग जिंकलं कोण?
मी वही पापडांखाली सरकवतो.
बारा लिंबं होती, म्हणतो.
अकरा खेळाडू, आणि एक पंचाला.